शंभर वर्षांचा मोडी कागद वाचता येतो, मग १९९९ ची फ्लॉपी का उघडत नाही?

२०२३ च्या शेवटी मराठवाड्यातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये एकच शोधाशोध सुरू होती. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायचं काम हाती घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली दप्तरं सोडली जात होती. कुठे मोडी, कुठे उर्दू. अक्षर लागत नव्हतं तिथे मोडी वाचणारा माणूस आणून बसवला जायचा आणि काम पुढे सरकायचं. कागद जुना होता, पण त्याला वाचायला डोळे आणि जाणकार, एवढंच पुरत होतं.

आता त्याच मराठवाड्यातली त्याहून कितीतरी नवी नोंद घेऊ. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. काळ विंडोज ९८ चा. तेव्हाच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणिका, साप्ताहिकांची पानं, आडतीचे हिशेब यातलं बरंच काही कॉम्प्युटरवर तयार व्हायला लागलं होतं. हार्डडिस्क लहान असायची. ती भरली की जुना माल फ्लॉप्यांवर काढून, रबर लावून, खोक्यात टाकून द्यायचा. अशी खोकी आजही अनेक दुकानांच्या पोटमाळ्यावर आणि घरातल्या कपाटात पडून आहेत.

आणि आता गोष्ट अशी की दुकानातला कॉम्प्युटर बदललाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही म्हणून काहींनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. मग एक दिवस कोणीतरी विचारतं, आपल्या संस्थेचा पहिला अहवाल आहे का हो तुमच्याकडे? आहे. अकरा फ्लॉप्यांमध्ये आहे. पण उघडत नाही.

का उघडत नाही आणि कसा उघडायचा, हे नीट समजून घेऊ.

अकरा फ्लॉप्या लागल्याच का?

साडेतीन इंची फ्लॉपीवर '१.४४ एमबी' लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात ५१२ बाइटचे २,८८० कप्पे, त्यातले थोडे फ्लॉपीच्या स्वतःच्या हिशेबाला गेले की तुमच्यासाठी उरायचे साधारण १४ लाख ५७ हजार बाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो अशा दोन-तीन फ्लॉप्या खाईल. ३० एमबीचं फोल्डर साठवायचं तर २२ फ्लॉप्या. दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ते निम्मं झालं तर अकरा.

दाबणारे आणि तुकडे पाडणारे प्रोग्रॅम तेव्हा घरोघरी होते. झिप, आरजे, रार ही नावं त्या काळात कॉम्प्युटर क्लास केलेल्यांना आठवतील. प्रोग्रॅम सगळ्या फायली एकामागे एक ओळीने लावायचा, दाबायचा आणि फ्लॉपी भरली की 'पुढची डिस्क टाका' म्हणून थांबायचा. दोरीचं वेटोळं उलगडत जावं आणि हाताला येईल तिथे कापावं, तसं. फाइल कुठे संपतेय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. एखादी फाइल चौथ्या फ्लॉपीवर सुरू होऊन पाचवीवर संपणार, हे ठरलेलंच.

त्यामुळे अशा संचातली एक फ्लॉपी म्हणजे वेगळी वही नाही, एकाच वहीची फाडलेली काही पानं आहेत. एक फ्लॉपी गेली तर नुकसान फक्त तिच्यापुरतं राहत नाही.

झिपमध्ये तर आणखी एक गंमत आहे. पुस्तकाची अनुक्रमणिका पहिल्या पानावर असते, झिपची शेवटी. कोणती फाइल कुठल्या डिस्कवर, कितव्या बाइटपासून सुरू होते, हा सगळा तक्ता शेवटच्या डिस्कच्या शेपटीला असतो. पहिली फ्लॉपी टाकल्यावर प्रोग्रॅम 'शेवटची डिस्क टाका' असं का म्हणायचा, हे तेव्हा अनेकांना कळायचं नाही. कारण हेच. शेवटची फ्लॉपी हरवली तर आर्काइव्ह 'खराब आहे' असा शेरा येतो, पण म्हणून आतला माल गेला असं नाही. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तिची स्वतःची छोटी पाटी असते. लिनक्सवरच्या झिप प्रोग्रॅमला दुरुस्तीचा पर्याय आहे, तो या पाट्या शोधत जातो आणि नवी अनुक्रमणिका बांधतो. सगळं मिळेलच असं नाही, पण बरंच मिळतं.

फ्लॉपी टाकण्याआधी

सगळ्यात जास्त बॅकअप मरतात ते इथे. वर्षानुवर्षं टिकलेली फ्लॉपी वाचवायला घेतलेल्या दुपारीच जाते.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी छोटी खिटी असते. ती सरकवून भोक उघडं ठेवायचं. भोक आरपार दिसलं म्हणजे फ्लॉपीवर लिहिता येणार नाही, फक्त वाचता येईल. हे प्रत्येक फ्लॉपीला करायचं, अकराच्या अकरा. नंतर धातूची झडप सरकवून आतली काळपट तबकडी बघायची. तिच्यावर पांढुरके, फिकट डाग दिसले तर ती बुरशी असू शकते आणि अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये टाकली तर ती स्वतः खरवडते आणि ड्राइव्हचं हेडही घाण करते. मग त्याच ड्राइव्हमध्ये टाकलेली पुढची चांगली फ्लॉपीही धोक्यात. डागाळलेल्या फ्लॉप्या बाजूला, जाणकाराकडे.

वाचायला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो. तो लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो. मात्र तो साडेतीन इंची फ्लॉपीपुरताच. त्याआधीच्या सव्वापाच इंची, लवचिक फ्लॉपीसाठी जुना ड्राइव्ह आणि त्याला यूएसबीशी जोडणारं खास कार्ड लागतं. ते प्रकरण वेगळं आणि हौशी लोकांचं.

एवढ्यात कॉम्प्युटर विचारू शकतो, 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' उत्तर नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाही. पहिला कप्पा वाचता आला नाही की विंडोज हा प्रश्न विचारतं. त्याचा अर्थ फ्लॉपी रिकामी आहे असा होत नाही.

आता दुसरा सापळा, आणि हा जास्त फसवा. अनेक फ्लॉप्यांवर पसरलेल्या झिपमध्ये प्रत्येक फ्लॉपीवर एकाच नावाची फाइल असते. अहवाल डॉट झिप, पुन्हा अहवाल डॉट झिप, अकरा वेळा. माणूस काय करतो? एक फोल्डर बनवतो, पहिली फाइल कॉपी करतो, दुसरी करायला जातो. कॉम्प्युटर विचारतो, 'या नावाची फाइल आहे, बदलू का?' माणूस हो म्हणतो. अकरा फ्लॉप्या संपतात तेव्हा फोल्डरमध्ये एकच फाइल उरलेली असते आणि 'आर्काइव्ह खराब आहे' असा निष्कर्ष निघतो. खराब काहीच नसतं.

कुठली फ्लॉपी कितवी हे बाहेरच्या चिठ्ठीवरून ठरवायचं, पण चिठ्ठ्या पडलेल्या असतात किंवा दुसऱ्याच कामाच्या असतात. अशा वेळी फ्लॉपीचं आतलं नाव, म्हणजे व्हॉल्यूम लेबल, बघायचं. पीकेझिपने बनवलेल्या संचात तिथे 'पीकेबॅक' आणि पुढे ००१, ००२ असा क्रमांक असतो. डॉसच्या बॅकअप आज्ञेने बनवलेल्या फ्लॉप्यांवर 'बॅकअप' आणि क्रमांक. म्हणजे पेनाने लिहिलेली शाई उडाली तरी क्रम आत लिहिलेला असतो.

योग्य रस्ता हा की फाइल कॉपी न करता अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत काढायची. हिला इमेज म्हणतात. २,८८० कप्पे जसेच्या तसे, रिकामे आणि नावाचेसुद्धा. उबुंटूतल्या 'डिस्क्स' नावाच्या ॲपमध्ये दोन क्लिकमध्ये ही इमेज काढता येते. फ्लॉपी मध्येच अडखळत असेल तर 'डीडीरेस्क्यू' हा फुकट प्रोग्रॅम वापरायचा. तो आधी सहज वाचता येणारे कप्पे उचलतो, अवघड जागा सोडून पुढे जातो, मग मागे येऊन त्यांच्यावर पुन्हा प्रयत्न करतो आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतो. त्याच नोंदीवर दुसऱ्या ड्राइव्हने पुढचा प्रयत्न करता येतो. एका ड्राइव्हला न वाचता आलेला कप्पा दुसरा ड्राइव्ह वाचतो असं पुष्कळदा होतं, कारण दोघांची हेडं केसभर इकडेतिकडे असतात.

अकरा इमेज झाल्या की फ्लॉप्यांचं काम संपलं. पुढचे सगळे खेळ इमेजवर.

तुकडे जोडताना लिनक्स कुठे अडतं

झिपचे तुकडे असतील तर प्रत्येक इमेजमधून फाइल काढून तिला नवं नाव द्यायचं. पहिली झेड०१, दुसरी झेड०२ आणि शेवटची मात्र साधी झिप. मग टर्मिनलमध्ये झिप प्रोग्रॅमला 'एस शून्य' हा पर्याय दिला की तो सगळे तुकडे शिवून एक अखंड फाइल बनवतो. लिनक्सवर नेहमी वापरला जाणारा अनझिप हा प्रोग्रॅम मात्र असे तुकडे थेट उघडत नाही, म्हणून 'लिनक्सवर होत नाही' असा समज पसरलाय. आधी शिवायचं, मग उघडायचं, एवढाच फरक आहे.

रारच्या संचात तुकड्यांना वेगळी नावं असतात, त्यामुळे ओव्हरराइटचा घोळ होत नाही. तिथे वेगळीच अडचण येते. डॉस आणि विंडोजला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. सात फ्लॉप्यांवरची नावं कॅपिटलमध्ये आणि चार फ्लॉप्यांवरची स्मॉलमध्ये आली, की प्रोग्रॅम सातव्या तुकड्यावर थांबतो आणि पुढचा तुकडा सापडत नाही म्हणतो. तो तुकडा त्याच फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असतो! सगळी नावं एकसारखी करा, काम होतं.

एखादा मधला तुकडा मुळातच नसेल तर रार आणि आरजे थोडे उदार आहेत. त्यांचा प्रत्येक तुकडा स्वतःची ओळख सांगतो, त्यामुळे हरवलेल्या तुकड्यात सुरू झालेल्या किंवा त्याला ओलांडून गेलेल्या फायली जातात, बाकीच्या मिळू शकतात. अपवाद 'सॉलिड' रारचा. जागा वाचवण्यासाठी त्यात सगळ्या फायली एकच समजून दाबलेल्या असतात, म्हणून मध्ये खंड पडला की पुढचं सगळं गेलं. त्या वेळी दोन फ्लॉप्या वाचल्या म्हणून झालेला आनंद आता महागात पडतो.

झिप-रार हे त्यातले सुदैवी म्हणायचे, कारण त्यांची रचना सगळ्यांना माहीत आहे. खरी डोकेदुखी आहे ती ऑपरेटिंग सिस्टीमसोबत आलेल्या बॅकअप प्रोग्रॅमची. डॉसची बॅकअप आज्ञा, डॉस ६ मधला नवा बॅकअप, विंडोज ९५ चा वेगळा, ९८ चा त्याहून वेगळा, मग एनटी, २००० आणि एक्सपीचा बीकेएफ. नाव प्रत्येक वेळी 'बॅकअप' आणि आतली रचना प्रत्येक वेळी निराळी. बीकेएफ उघडणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून विंडोजमधून काढूनच टाकला गेला. फक्त रिस्टोअर करण्यापुरतं वेगळं साधन मायक्रोसॉफ्टने नंतर काढलं. म्हणजे इथे दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे लिनक्सच असं नाही, विंडोजची पुढची आवृत्तीसुद्धा परकीच ठरते. डॉसचा १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतच नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं.

यावर उपाय मजेशीर आहे. जुना कॉम्प्युटर शोधत फिरायचं नाही, तो सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा. व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूएमू हे फुकट प्रोग्रॅम लिनक्सच्या खिडकीत एक काल्पनिक कॉम्प्युटर चालवतात. त्यात तेव्हाचं डॉस किंवा विंडोज ९८ टाकायचं आणि त्याच्या काल्पनिक फ्लॉपी ड्राइव्हला आपली एक-एक इमेज जोडत जायची. तो म्हणतो 'दुसरी डिस्क टाका', आपण दुसरी इमेज निवडतो. त्या बिचाऱ्याला तो २०२६ मध्ये आहे हे कळतही नाही. फक्त ज्या आवृत्तीत बॅकअप घेतला तीच आवृत्ती उभी केली तर कटकट कमी. बीकेएफसाठी मात्र हा खटाटोप न करताही चालतं, लिनक्सवर 'एमटीएफटार' नावाचं छोटं साधन ते उघडतं.

फाइल उघडली, मराठी कुठाय?

इंग्रजीत लिहिलेले बहुतेक मार्गदर्शक लेख इथे संपतात. फायली मिळाल्या, अभिनंदन. मराठी माणसाचं काम इथून सुरू होतं.

अहवालाची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. पहिली प्रतिक्रिया, फाइल करप्ट झाली. नाही झाली. ती जशी होती तशीच परत आलीय.

विंडोजमध्ये मराठीसाठी खरा आधार आला तो विंडोज २००० पासून, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये. हिंगोली जिल्हा तोवर नऊ महिन्यांचा झाला होता. त्याआधी डीटीपीवाले एक युक्ती वापरत होते. कॉम्प्युटरला वाटायचं की आपण इंग्रजीच लिहितोय, फक्त फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढून ठेवलेला असायचा. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे डीव्ही मालिकेतले फॉन्ट, कृतीदेव, सगळे याच जातीचे.

उदाहरण घ्या. कृतीदेवमध्ये 'हिंगोली' लिहायला एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच ही आठ अक्षरं दाबावी लागतात. फाइलमध्ये साठतात तीच आठ इंग्रजी अक्षरं. कृतीदेव फॉन्ट असेल तर पडद्यावर हिंगोली, नसेल तर अर्थ नसलेला इंग्रजी शब्द. आणि तीच अक्षरं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये दाखवली तर तिसरंच काहीतरी, कारण कुठल्या इंग्रजी अक्षरावर कुठला मराठी आकार बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं होतं.

म्हणून बॅकअपमध्ये फक्त मजकुराच्या फायली शोधून थांबू नका. विंडोजच्या फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर त्यात आहे का ते बघा. असेल तर लॉटरी लागली म्हणायची. त्यातली फॉन्ट फाइल लिनक्सवर टाकली की बहुतेक वेळा मजकूर निदान डोळ्यांना वाचता येतो. पेजमेकरच्या फायलींची भीतीही बाळगू नका. ॲडोबीने पेजमेकर कधीच सोडून दिलं, पण लिब्रेऑफिस २०१५ पासून त्याच्या फायली उघडतं आणि कोरलड्रॉच्या त्याही आधीपासून. मांडणी इकडेतिकडे सरकते, मजकूर हाती लागतो.

डोळ्यांना वाचता येणं आणि कॉम्प्युटरला वाचता येणं यात मात्र फरक आहे. त्या अहवालात 'कळमनुरी' शोधलं तर सापडणार नाही, कारण फाइलमध्ये तो शब्दच नाही. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो. युनिकोडमध्ये 'ह' ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, जगातल्या कुठल्याही मशीनवर तोच.

हे बदलणं 'शोधा आणि बदला' इतकं सोपं नाही. वरचंच उदाहरण पुन्हा बघा. कृतीदेवमध्ये आधी एफ येतो, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, आणि मग जी, म्हणजे 'ह'. डोळ्यांना जशी दिसते तशी, डावीकडची वेलांटी आधी. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो तसं, आधी 'ह' आणि मग वेलांटी. रफाराचं उलट. 'धर्म' मध्ये रफार 'म' च्या डोक्यावर दिसतो म्हणून जुन्या फॉन्टमध्ये 'म' नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये मात्र 'र्' आधी येतो. कन्व्हर्टरला ही सगळी अदलाबदल जोडाक्षरं सांभाळून करावी लागते.

त्यातही बरेचसे फुकट कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनलेले आहेत. ते मराठीला कुठे गंडतात हे ठरलेलं आहे. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' मधला चंद्रकोरी 'ऱ्य' मोडतो आणि 'दुसर्या' होतो. 'ॲ' चा घोळ होतो, कारण या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच मुळी २००८ मध्ये. बदललेला मजकूर तपासताना 'ळ' आणि 'शेतकऱ्यांना' हे दोन आधी शोधा. ते बरोबर असतील तर कन्व्हर्टर मराठी जाणतो.

एक सावधगिरी. अहवाल, स्मरणिका ठीक आहे, पण जुन्या संचात लोकांचे दाखले, अर्ज, खात्यांचे तपशील असतात. ते कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटच्या कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नका. आपल्याच मशीनवर चालणारे कन्व्हर्टर मिळतात.

या सगळ्यात एक विचित्र गोष्ट आहे. विंडोजच्या आधीची, डॉसमधली मराठी जास्त चांगली टिकलीय. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकने वाढवलेलं जिस्ट नावाचं तंत्रज्ञान तेव्हा वापरात होतं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी. त्यात मजकूर इस्की या भारतीय प्रमाणात साठायचा, आणि इस्कीमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, दिसण्याच्या नाही. युनिकोडने देवनागरीची मांडणी करताना या इस्कीचाच आधार घेतला. त्यामुळे १९९२ सालच्या डीबेस किंवा फॉक्सप्रोच्या फाइलमध्ये इस्कीतली नावं असतील तर ती युनिकोडमध्ये बऱ्यापैकी स्वच्छ येतात. आईसीयू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर संचात इस्कीचा कन्व्हर्टर तयारच आहे.

उलट १९९९ च्या हिशेबाची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसच्या तक्त्यात उघडली तर आकडे सगळे बरोबर दिसतील. क्विंटल, भाव, रक्कम, तारीख. पण नावाच्या रकान्यात खिचडी. वसमतच्या आडतीवर किती हळद आली हे कळेल, ती कुणाची होती हे कळणार नाही. फॉन्ट सापडेपर्यंत.

त्याच जिल्ह्यात, आजचं साठवणं

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च साधारण २,६०० कोटी रुपये. अमेरिकेतल्या ज्या दोन लायगो वेधशाळांच्या धर्तीवर ती होणार आहे, त्यांचा डेटा कोणालाही इंटरनेटवरून उतरवून घेता येतो. आणि तोही तुकड्यांमध्येच असतो.

पण तुकडे पाडण्याची पद्धत बघा. प्रत्येक फाइल ठरावीक ४,०९६ सेकंदांची. फाइलच्या नावातच कुठली वेधशाळा, कोणत्या क्षणापासून आणि किती सेकंद हे लिहिलेलं. एक फाइल हरवली तर तेवढे ४,०९६ सेकंद गेले, शेजारच्या फाइलला धक्का नाही. कुठलाही तुकडा एकटा उघडतो, आणि तो एचडीएफ५ या खुल्या रचनेत असल्यामुळे लिनक्स, विंडोज, मॅक, कशावरही. पहिली गुरुत्वीय लहर १४ सप्टेंबर २०१५ ला टिपली गेली. तिचा डेटा आज हिंगोलीतला कॉलेजचा पोरगा स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून आलेख काढू शकतो. त्याच्याच गावच्या पतसंस्थेचा पहिला अहवाल उघडायला मात्र फ्लॉपी ड्राइव्ह, काल्पनिक विंडोज ९८ आणि एक हरवलेला फॉन्ट लागतो.

तेव्हा डीटीपीवाल्याने चूक केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. १.४४ एमबीच्या डब्यात ३० एमबी कोंबायचं होतं आणि पडद्यावर मराठी दिसायला दुसरा रस्ता नव्हता. आज ती अडचण नाही. सुटका झालेला सगळा संच, इमेज, जोडलेली झिप, मूळ फायली, फॉन्ट आणि युनिकोड मजकूर मिळून, जुन्या पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावतो. त्याला पुन्हा झिप करून तुकडे करायची किंवा पासवर्ड लावायची गरज नाही. पानं जशी छापली होती तशी पीडीएफमध्ये आणि मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत एक छोटी चिठ्ठी, तीही टेक्स्टमध्येच: मूळ फ्लॉप्या किती होत्या, कुठली वाचता आली नाही, कोणता फॉन्ट होता, कोणत्या कन्व्हर्टरने बदललं.

फॉन्ट मिळतच नसेल तर छापील प्रत शोधा. त्याच दुकानाने त्याच काळात छापलेली एखादी पत्रिका किंवा अहवाल कोणाच्या तरी घरी असतोच. त्यातलं एक पान आणि फ्लॉपीतलं तेच पान शेजारी ठेवलं की कुठल्या इंग्रजी अक्षरावर कुठला मराठी आकार बसवलाय हे एक-एक करून उलगडता येतं. पन्नास-साठ आकार लागले की बाकीचे अंदाजाने भरतात. मोडीचे जाणकार अनोळखी वळणाचं अक्षर लावताना साधारण असंच करतात.

आणि अकरा फ्लॉप्या लगेच भंगारात देऊ नका. काढलेल्या प्रती दुसऱ्या माणसाच्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. सातव्या इमेजमध्ये दोन कप्पे वाचायचे राहिलेत हे बऱ्याचदा तेव्हाच लक्षात येतं.